मूळ रंगाला हात लावू नये

तीर्थस्वरूप वन्स यांना,

साष्टांग नमस्कार. (आठांपैकी गुडघ्याचं अंग सध्या रजेवर आहे, तेव्हा सातांवर भागवून घ्यावं.) तुमची कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला ओसरला, की पाहुणे वेळेवर उठावेत म्हणून अजून राखून ठेवलाय? आम्ही सगळे बरे आहोत. म्हणजे मी बरी आहे, मामंजींचा ट्रक बरा आहे, आणि ट्रकच्या पाठोपाठ तुमचे बंधूही बरे होतील अशी आशा आहे.

एकाच गावात राहून पत्र कसलं लिहितेस, असं तुम्ही म्हणाल. फोन करून पाहिला होता. पण तिकडे भावोजी तुमचा फोन मोठ्या आवाजावर लावून शेजारी बसतात आणि मध्येमध्ये 'बरोबर आहे तिचं', 'इथं चुकलं तिचं' असे निकाल देतात. आणि इकडे माझ्या मागे ग्राइंडर फिरत असतो. त्यातून तुमच्या बंधूंचे कान. 'अहो, जेवायला चला' हे त्यांना तीनदा सांगूनही ऐकू येत नाही, पण ट्रक हा शब्द मी स्वयंपाकघरात नुसता मनात आणला तरी शेडमधून 'काय झालं ट्रकला?' असं विचारत येतात. म्हणून पत्र. सगळं पहिल्यापासून सांगते, कारण ते आयुष्यात ऐकतात ते एकट्या तुमचं, आणि हे वाचून झाल्यावर तुम्हाला त्यांना चार शब्द सुनवायचे आहेत.

आधी माझ्या मशीनचं ऐका, म्हणजे माझं दुखणं कुठं आहे ते कळेल. मोठ्या वाचनालयाची अकराशे जुनी पुस्तकं बांधून द्यायचं काम मी घेतलंय हे तुम्हाला ठाऊक आहेच. बावीस वर्षं लोकांच्या वह्या-पुस्तकांना खळ लावत आले, त्यात एवढं मोठं काम पहिल्यांदा हाती आलं. पुढच्या महिनाअखेर ते पुरं नाही झालं तर वाचनालय उरलेल्या पेट्या दुसऱ्याला देणार, आणि पुढच्या सालच्याही. त्या कामासाठी मी कटिंग मशीन घेतलं. पुस्तकांच्या कडा एका दाबात कापणारं, वर हातानं फिरवायचं चाक असलेलं, अस्सल बिडाचं. वजन एवढं की घरातल्या फरशीवर ठेवलं तर ते खालच्या मातीला भेटायला जाईल. म्हणून ठरलं की मशीन शेडमध्ये, आणि शेडमधला ट्रक बाहेर. तुमचे बंधू म्हणाले, 'पंधरा दिवसांत काढतो.' त्याला आठ महिने झाले. आठ महिने माझं कोरं मशीन अंगणात ताडपत्रीखाली उभं आहे, आणि अकरा वर्षांत घराबाहेर न पडलेला ट्रक पक्क्या छपराखाली, पंख्यासकट. (हो, पंखा लावलाय. गंजावरचं औषध वाळायला.)

तोवर मी कडा कापायला पुस्तकं पलीकडच्या बाइंडरकडे पाठवते. तो माणूस कापायला लागला की त्याला धीर धरवत नाही. मागच्या खेपेला त्यानं एका रहस्यकथेच्या शेवटच्या पानाची खालची ओळच कडेबरोबर कापून टाकली. खून कुणी केला हे आता गावात फक्त त्या बाइंडरला माहीत आहे, आणि तो वाचत नाही.

आता ट्रकचं. मामंजींनी तो सव्वीस वर्षं चालवला, लोकांची घरंच्या घरं एका दारातून उचलून दुसऱ्या दारात ठेवली, एक आरसा फुटू दिला नाही, हे मी तुम्हाला काय सांगणार. ते गेल्यावर ट्रक शेडमध्ये उभा राहिला. तुमचे बंधू दर रविवारी वर्तमानपत्र घेऊन त्यात जाऊन बसायचे. मी कधी काही बोलले नाही. इतर बायकांच्या नवऱ्यांच्या बसायच्या जागा मी ऐकून आहे, त्या मानानं ट्रक बराच. पण गेल्या वर्षी एका रविवारी आतून 'अगं' अशी हाक आली. असली 'अगं' मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकली. जाऊन बघते तर तुमचे बंधू चालकाच्या जागेवर ताठ बसलेले, मांडीवर वर्तमानपत्र, आणि उजवा पाय गुडघ्यापर्यंत गायब. केबिनचा तळ गंजून पापड झालेला. पाय त्यातून आरपार जाऊन खाली शेडच्या जमिनीवर टेकला होता. गंजानं एवढं मोकळं स्वागत केल्यावर माणूस समजा शहाणा असता तर पाय काढून ट्रक भंगारात दिला असता. यांनी पाय काढला आणि म्हणाले, 'दुरुस्त करायला हवा.'

तिथवरही ठीक होतं. गंज कापायचा, पत्रा लावायचा, रंग मारायचा, चार दिवसांचं काम. पण त्यांनी सल्ला घेतला. त्यांच्या कचेरीत एक सहकारी आहेत, जुन्या वस्तूंचे जाणकार. आम्ही घरात त्यांना पुरातत्त्व म्हणतो. (त्यांच्या घरी बंद पडलेली अकरा घड्याळं आहेत, म्हणून ते कुठंच वेळेवर पोचत नाहीत.) ते भिंग घेऊन आले. ट्रकभोवती तीन प्रदक्षिणा झाल्या, बॉनेटला नाक लावून वास घेतला, आणि मग दोन्ही हात मागे बांधून ते म्हणाले, 'मूळ रंगाला हात लावू नये. नवा रंग कितीदाही देता येतो. मूळ रंग एकदाच असतो.' हे ऐकून तुमच्या बंधूंच्या डोळ्यांत जे तेज आलं, ते मी आमच्या लग्नात शोधत होते.

रंग म्हणजे तरी काय, वन्स. कधीकाळी निळा होता. आता तो जुन्या छत्रीसारखा दिसतो. जिथं ऊन लागलं तिथं राखाडी, जिथं हात लागले तिथं काळपट, हौद्याच्या फळकुटांवर तर लोकांच्या कपाटांचे ओरखडे. आणि चालकाच्या दारावर, खिडकीखाली, तो डाग. मामंजी उजवं कोपर बाहेर काढून चालवायचे, तर सव्वीस वर्षांत त्या कोपरानं रंग खाल्ला. बाहेर निळं कडं, त्याच्या आत प्रायमरचं विटकरी कडं, आणि मधोमध बशीएवढा उघडा पत्रा, हात फिरवला तर रेशमासारखा गुळगुळीत. पुरातत्त्व त्याच्यापुढं दोन मिनिटं मान खाली घालून उभे राहिले. मी कपडे वाळत घालत होते, मला वाटलं कुणी गेलं की काय.

मग सुरू झालं जतन. हा शब्द नीट लक्षात ठेवा. मी बावीस वर्षं जुन्या पुस्तकांची मूळ वेष्टनं वाचवते. कापड विरलं तर खालून नवं घालते, वरचं जुनं तसंच ठेवते, रंग जुळवते, आणि त्याला आमच्या घरात 'तुझी चिकटवाचिकटवी' म्हणतात. तुमच्या बंधूंनी तेच ट्रकला करायला घेतलं तर ते जतन. जतन करताना जेवण थंड झालेलं चालतं, आल्यागेल्याशी बोलावं लागत नाही, आणि घरातले दात घासायचे ब्रश एकेक करून नाहीसे होतात. नियम असा की जिथं रंग शिल्लक आहे तिथं काही करायचं नाही आणि जिथं गंज आहे तिथं सगळं करायचं. आणि गंज हा मेला नेमका रंगाच्या कडेनं, निम्मा बाहेर निम्मा आत, भाडेकरूसारखा राहतो. तेव्हा रंगाच्या कडेला चिकटपट्टी लावायची, गंजावर ब्रश घासायचा, मग ते गंज काळा करणारं औषध कानात थेंब घालायच्या नळीनं थेंब थेंब सोडायचं, आणि पंखा लावून पुढच्या रविवारची वाट बघायची. एका रविवारी दोन तळहात. मी हिशेब केला. या वेगानं ट्रक संपेपर्यंत त्याला पहिल्या बाजूनं पुन्हा गंज धरला असता.

दरम्यान एक दिवस मी ताडपत्री उचलली तर माझ्या मशीनच्या पाटावर तांबूस ठिपके. नऊ ठिपके, मोजले. मी यांना बोलावून आणलं. वाटलं, गंजावर एवढा अभ्यास झालेला माणूस, काहीतरी करेल. ते वाकले, बोटानं पुसल्यासारखं केलं आणि म्हणाले, 'वरवरचं आहे गं,' आणि आत गेले. आत ट्रकच्या पायदानावर मोहरीएवढा ठिपका सापडला म्हणून त्यांनी आदल्याच दिवशी रजा टाकली होती.

शेवटी केबिनचा तळ आणि दाराची खालची कड हे काही थेंबांनी भरून येण्यासारखं नव्हतं, म्हणून डेंटर आला. सरळ माणूस. दोन मिनिटं बघून म्हणाला, 'साहेब, दारच बदला ना. दुसरं मिळतं, तासात बसवून देतो.' तुमचे बंधू दाराला पाठ लावून उभे राहिले. डेंटरनं माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. मग ठरलं की गंजलेला भाग आतून कापायचा, आतूनच पत्रा जोडायचा, आणि वेल्डिंगच्या आचेनं बाहेरचा रंग जळू नये म्हणून बाहेरून ओली कापडं दाबून धरायची. कापडं कुणाची, तर माझी. चार टॉवेल, दोन चादरी आणि एक गाऊन, जो मी फक्त पाहुण्यांसमोर घालत नाही एवढंच. आणि दाबून धरायची कुणी, तर तुमच्या बंधूंना आत टॉर्च धरायचा होता. तेव्हा आत ठिणग्या आणि बाहेर मी, दोन्ही तळवे मामंजींच्या कोपराच्या डागावर, ओल्या टॉवेलावरून.

डेंटर आतून ओरडून विचारायचा, 'वहिनी, गरम लागतंय का?'

'लागतंय.'

'चटका बसतोय का?'

'अजून नाही.'

'मग बरोबर चाललंय.'

अशी दुपार काढली. मडगार्डवर मात्र मी एक क्षण हात काढला (नाक खाजत होतं, माणसाला नाक असतं) आणि तेवढ्यात तिथं रुपयाएवढा फोड आला रंगाला. त्या दिवशी तुमच्या बंधूंनी पोळी मोडली आणि तशीच ठेवली. मला हाताला चटका बसला होता त्या दिवशी दोन खाल्ल्या होत्या.

पत्रा तर छान बसला. पण आता नव्या पत्र्याचे तुकडे जुन्या निळ्यात चमकायला लागले, म्हणून पेंटरला बोलावलं. वन्स, या सगळ्या प्रकरणात मला कुणाची कीव आली असेल तर त्या पेंटरची. तीस वर्षं ट्रक रंगवणारा माणूस. पांढऱ्या सदऱ्यावर एक थेंब नाही, रेघ ओढली तर पट्टीला लाज वाटावी. जन्मभर जुन्याचं नवं केलं, त्याला यांनी सांगितलं की हे तुकडे असे रंगवा की जुने, उडालेले, उन्हानं खाल्लेले दिसले पाहिजेत. पेंटरनं कुंचला खाली ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, 'साहेब, एवढा कसला राग आहे गाडीवर?'

त्याला समजावण्यात एक सकाळ गेली. पुरातत्त्वही आले होते, ते मूळ आणि कृत्रिम यांतला फरक सांगत होते. पेंटर ऐकत होता, आणि शेवटी मला बाजूला घेऊन म्हणाला, 'ताई, मला सगळं समजलं. पण वाईट माझ्या हातून होत नाही. रस्त्यात कुणी विचारलं कुणी रंगवली, तर माझं नाव सांगणार ना हे?' मी म्हटलं, नाही सांगणार, मी जामीन. तेव्हा कुठं त्यानं काम घेतलं. त्यानं खरोखर प्रयत्न केला हो. निळ्यात राखाडी मिसळलं, चमक मारली, तरी तुकडा असा दिसायचा की म्हाताऱ्याच्या तोंडात एकच नवा दात. पुसट करा म्हटलं तर पुसटही असा एकसारखा करायचा की त्याची पुन्हा नक्षीच व्हायची. हातच सरळ, त्याला तो बिचारा काय करणार.

आणि मग ते घडलं. मी चहा करायला आत गेले, तुमचे बंधू पुरातत्त्वांना फाटकापर्यंत पोचवायला गेले. (फाटकापाशी पोचवणं म्हणजे अर्धा तास.) पेंटर एकटा राहिला. हातात भरलेला कुंचला, डब्यात उरलेला रंग, आणि समोर दारावर बशीएवढा उघडा पत्रा. त्या माणसाच्या सगळ्या संस्कारांनी उचल खाल्ली. मी चहा घेऊन आले तर तो कुंचला पुसत होता आणि चेहऱ्यावर दोन दिवसांत पहिल्यांदा समाधान होतं.

म्हणाला, 'ताई, इथं एवढं राहून गेलं होतं कुणाचं तरी. मारून टाकलं. असू द्या, त्यात काय.'

मामंजींचं कोपर गेलं होतं, वन्स. तिथं गुळगुळीत, ओला, सुंदर निळा रंग. कडेनं त्यानं एक बारीक पांढरी रेघही ओढली होती, प्रेमानं.

तुमचे बंधू फाटकाकडून आले, त्यांनी पाहिलं. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांचा हात त्या दाराकडे गेला आणि मध्येच थांबला, कारण रंग ओला होता. पेंटरनं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, 'काय चुकलं का?' मी म्हटलं, तुमचं काही नाही चुकलं, तुम्ही चहा घ्या. आणि दोघांनाही बाजूला केलं.

आता मी जे केलं ते भावनेच्या भरात केलं असं समजू नका. ओला रंग दोन-तीन तासांत धरायला लागतो आणि मग डाग गेला तो गेला, एवढाच विचार होता. जुन्या चामड्यावर खळ सांडली तर ती पुसायची नसते. पुसली की ती आत जाते आणि चामड्याचा रंग घेऊन बाहेर येते. कापसाची गुंडाळी करायची, जेमतेम ओली, आणि ती घासायची नाही, लाटण्यासारखी फिरवायची. एक फेरा झाला की टाकायची, दुसरी घ्यायची. हे मला माझ्या उस्तादानं शिकवलं होतं, त्याला 'चिकटवाचिकटवी' म्हणतात. टर्पेंटाइन घेतलं, कापसाचं बंडल घेतलं, स्टूल घेतलं आणि बसले. आधी मधला उघडा पत्रा मोकळा झाला, तो सोपा. मग विटकरी कडं, ते अवघड, कारण जुना प्रायमर टर्पेंटाइनला भुलतो; तिथं मी थुंकीनं काम केलं. (ओरडू नका. चांगल्या बाइंडरला विचारा.) मग बाहेरचं निळं, तिथं जुना रंग कुठं संपतो आणि पेंटरचा कुठं सुरू होतो हे बोटाच्या टोकानंच कळत होतं. अडीच तास. पेंटर शेजारी उकिडवा बसून एकेक गुंडाळी वळून हातात देत होता. मध्ये एकदा म्हणाला, 'ताई, माझ्या रंगावर असा हात आजवर कुणी चालवला नाही.' तक्रार होती की कौतुक, मी विचारलं नाही.

डाग परत आला. सगळा. एका बाजूला निळं नखाएवढं जास्त गेलंय, ते मला दिसतं, यांना नाही. तुमचे बंधू तोवर शेडच्या दाराशी पाठ करून उभे होते. झालं म्हटल्यावर आले, त्यावर हात फिरवला, आणि मला म्हणाले, 'चहा ठेवू?' पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. ठेवला. साखर विसरले, मीठ नाही घातलं हे नशीब.

त्यानंतर पेंटरचे ते नव्या दातासारखे तुकडे मला बघवेनात. डोळ्यांत खुपत होते म्हणून, बाकी काही नाही. पुस्तकाला नवं कापड लावलं की जुन्याशी जुळवायला जे करते तेच केलं. बारीक पॉलिश पेपरनं चमक उतरवली, विटेची भुकटी, घट्ट चहाचं पाणी, काळं बूटपॉलिश, वरून मेण, आणि कापडानं जिथं माणसाचा हात लागला असता तिथं तिथं घासलं. दाराच्या मुठीपाशी जास्त, वर कमी. मडगार्डवरचा तो फोडही भरला. पुढच्या आठवड्यात पुरातत्त्व आले. भिंग काढलं, ट्रकभोवती फिरले आणि नेमके माझ्या तुकड्यापुढं थांबले. मला जवळ बोलावून म्हणाले, 'वहिनी, हे बघा. ही छटा माणसाला तयार करता येत नाही. ही तीस वर्षांचं ऊनच देतं.' ते गुरुवारचं चहाचं पाणी होतं. मी म्हटलं, 'हो का? आम्हाला बाई त्यातलं काय कळतं.' तुमचे बंधू माझ्या मागे उभे होते. त्यांना खोकला आला, भावोजींसारखा.

तर असं सगळं आहे. ट्रक जवळजवळ झाला, तळ पक्का आहे, इंजिन पहिल्या फिरकीत लागतं. आता त्याला शेडमध्ये ठेवायचं काही कारण उरलेलं नाही. माझ्या मशीनवर नवाचे तेवीस ठिपके झालेत, साडेतीनशे पुस्तकं कडा न कापता जेवायच्या टेबलाखाली रचलीत, आम्ही पाय वर घेऊन जेवतो, आणि महिनाअखेर कुणासाठी थांबत नाही. तेव्हा वन्स, हात जोडून सांगणं एवढंच, की तुम्ही तुमच्या बंधूंना बोलावून घ्या आणि तुमच्या त्या ठेवणीतल्या आवाजात सांगा, की या एक तारखेला ट्रक अंगणात आणि मशीन आत. मी सांगून उपयोग नाही. मी फक्त बायको आहे.

भावोजींना नमस्कार. मधला खोकल्याचा भाग त्यांना वाचून दाखवू नये.

तुमची,
भावजय

ता. क. बोलावून घ्या असं वर लिहिलंय खरं, पण या आठवड्यात नको. डावा मडगार्ड अजून व्हायचाय. तुम्ही बोललात की ते घाई करतील आणि मी नसताना स्वतःच घासायला बसतील. परवा मी कापूस सांगितला होता तिथं त्यांनी तारेची घासणी लावली. वेळेवर पाहिलं म्हणून. त्यांचा हात जड आहे. जतन त्यांना समजतं, जमत नाही.

ता. क. २ पुढच्याही आठवड्यात नको. खरं म्हणजे मी अंगणात जाऊन टेप लावून पाहिलं. ट्रक बाहेर काढला तर चालकाची बाजू पश्चिमेला येते, म्हणजे ऐन उन्हाची, आणि गटाराच्या नळाचं पाणी थेट त्या दारावर. ताडपत्री टाकली तर ती वाऱ्यानं घासणार, आणि घासणार तेही नेमकं खिडकीखाली. मी अडीच तास स्टुलावर बसले ते ताडपत्रीनं पुसून टाकावं म्हणून नव्हे. मशीनचं काय, ते बिडाचं आहे आणि नवं आहे. त्याला तेलाचं बोट फिरवलं की ठिपके जातात. खरं सांगायचं तर वरवरचेच आहेत.

ता. क. ३ आता मुद्द्याचं. तुमची खालची पुढची खोली, जिथं भावोजींची व्यायामाची सायकल आहे, ज्यावर तुम्ही टॉवेल वाळत घालता, ती मला पुढच्या महिनाअखेरपर्यंत द्याल का? सायकल गॅलरीत मावते. फरशी दगडी आहे, मशीनचं वजन पेलेल. मागच्या खेपेला मी टाच आपटून पाहिली होती. (तुम्ही 'काय झालं?' विचारलंत तेव्हा मी मुंगी म्हणाले होते.) मी आणि शिलाईच्या दोघी बायका सकाळी दहाला येऊ, पाचला जाऊ, चहा आमचा आम्ही करू. भावोजींना कापलेल्या कडांचे कागद लिहायला देईन, त्यांना निकाल लिहिता येतील.

ता. क. ४ नाही म्हणायचं असेल तर शनिवारच्या आत कळवा, कारण रविवारसाठी टेम्पो सांगून ठेवलाय. घरात अख्खा ट्रक असताना मशीन न्यायला भाड्याचा टेम्पो कशाला, असं तुम्ही विचाराल. तुमच्या बंधूंनीही तेच विचारलं; किल्ली घेऊन चालकाच्या जागेवर जाऊन बसलेसुद्धा होते, कोपर बाहेर काढून. मीच उतरवलं. तुमच्या रस्त्यावर खडी टाकली आहे, आणि मडगार्डवरचं मेण अजून बोटाला लागतंय.